पाळकसाहेब, ते वाचन मला दिल्याबद्दल

आदरणीय पाळकसाहेब,
सप्रेम सलाम.

निवडणूक होऊन गेली, रस्त्यावरचा गुलाल धुतला गेला, पण माझं मन अजून भरून येतं. समोर बोलायला गेले की रडू फुटतं, म्हणून लिहिते आहे. आणि चारचौघांनी वाचावं म्हणून उघडच लिहिते आहे.

आधीच्या मंडळीत, म्हणजे मी पूर्वी जायचे त्या चर्चमध्ये, काय घडलं ते तुम्ही जाणता. 'आपली मतं एकगठ्ठा पडली पाहिजेत' असं तिथे व्यासपीठावरून बजावलं गेलं. महिला संघात मी एवढंच विचारलं, की उमेदवाराने वस्तीतल्या पाण्यासाठी, पालिकेच्या शाळेसाठी काय केलं ते आधी बघायचं की नाही? झालं! मी विश्वासात कच्ची ठरले. बायबल शिकवायचा माझा शब्बाथ शाळेचा वर्ग काढून घेतला. वर्षानुवर्षं एका बाकावर बसलेल्या बायका सलाम घेईनाशा झाल्या. हिच्या घरी जावं, हिचं ऐकून घ्यावं, असं एकाही पंचाला वाटलं नाही.

तुमच्याकडे आले ती गप्प राहायचं ठरवूनच. मतदानाआधीच्या रविवारी तुम्ही शेवटच्या बाकापर्यंत चालत आलात आणि तुमचं स्वतःचं बायबल माझ्या हातात दिलंत. कडा झिजलेल्या, आत लाल फीत. "ताई, आजचं वाचन तुमचं. यिर्मया एकोणतीस." ना चौकशी, ना उपदेश. वाचताना माझा आवाज अडकला तेव्हा तुम्ही खाकरलाही नाहीत, दुसऱ्या कुणाला उभं केलं नाहीत. थांबलात. सगळी मंडळी थांबली.

बाबेलात नेलेल्या बंदिवानांना देव सांगतो, घरं बांधा, मळे लावा, त्या शहराचं भलं बघा, त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे. 'तुमच्यातल्याच माणसाला निवडा' असं तिथे म्हटलेलं नाही. वाचता वाचता मला आपलं ठाणं दिसत होतं. घोडबंदर पट्ट्यात टँकरची वाट बघणारे काय एका धर्माचे आहेत?

मग मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या प्रार्थनेत तुम्ही आपल्या मतदारसंघातल्या सगळ्या उमेदवारांची नावं घेतलीत. यादीतल्या क्रमाने, एकाच सुरात. बायबलात पौलाने तीमथ्याला सांगितलंय ना, राजांसाठी आणि सगळ्या अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा म्हणून? तेवढंच केलंत. कुणाला मत द्यायचं ते आमच्यावर सोडलंत. एका उमेदवाराचा माणूस दोन शब्द बोलू द्या म्हणून आला, त्याला तुम्ही पहिल्या रांगेत खुर्ची दिलीत, माइक नाही. १९८८ चा कायदा प्रार्थनास्थळाची जागा राजकारणाला वापरू देत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ४ विरुद्ध ३ अशा बहुमताने सांगितलं, की मतदाराच्या धर्माच्या नावाने मत मागणं हासुद्धा भ्रष्ट आचार. पण तुम्ही कायद्याच्या भीतीने वागला नाहीत. त्या माणसाला तुम्ही चहा पाजूनच पाठवलंत.

एकगठ्ठा मतं मागणाऱ्यांना मला सांगायचंय: संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी ख्रिस्तीच होते. धर्मावर आधारलेल्या राखीव जागा सोडून द्याव्यात, या बाजूने ते १९४९ मध्ये उभे राहिले. शेजाऱ्यांवर भरवसा टाकला त्यांनी. आणि रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय दाखवून आम्हाला गप्प बसवणाऱ्यांनी तो नीट वाचावा. सत्ताधारी देवाचा सेवक आहे, तो तुमच्या भल्यासाठी, असं तिथे लिहिलंय. मग विधवेला, अनाथाला, परक्याला न्याय मिळतो का, हे त्या सेवकाला विचारणं माझं कामच आहे. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला तोंडावर विचारलंच की.

माणुसकी अशीच असते, साहेब. ती मोठं भाषण करत नाही, पडलेल्याला चारचौघांत उभं करते. माझ्या सासूबाई त्या दिवशी घरी म्हणाल्या, "आज तू परत तू दिसलीस."

एक विनंती आहे. पुढच्या निवडणुकीआधी तरुण संघासाठी पहिल्या शमुवेलाचा आठवा अध्याय घ्या, राजा मागणाऱ्या लोकांना शमुवेल काय बजावतो तो. पोरं प्रश्न विचारतील, विचारू द्या. चहा-बिस्किटांचं मी बघते.

तुमची,
मंडळीतली एक बहीण