मॅटाडोर परत रस्त्यावर आली, मनापासून आभार!
बाबांची जुनी मॅटाडोर व्हॅन, मागे झोपायची फळी आणि स्टोव्हची जागा असलेली, परत धावायला लागलीय!! कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या डेंटर काकांना किती थँक्यू म्हणू, खाऱ्या हवेनं खालचा पत्रा पार सडलेला, बाकी सगळे पुट्टी मारून रंग देतो म्हणत होते पण काकांनी हातोडीने ठोकत ठोकत जिथे आवाज बसका आला तेवढा पत्रा कापला, नवीन वेल्ड केला, मग गंज रोखणारा रेड ऑक्साइडचा हात आणि शेवटी रंग. याला म्हणतात काम. मॅटाडोर बनवणाऱ्या बजाज टेम्पो कंपनीची फोर्स मोटर्स होऊनही (२००५) जमाना झाला, खिडकीचं रबर कुठेच मिळेना, ते चोर बाजारातून शोधून आणणाऱ्या दादांनी वरचे पैसेही घेतले नाहीत. वायरिंगवाल्या पोरालाही खूप प्रेम. आईने सांगितलंय, गणपतीत सगळ्यांनी घरी जेवायला यायचंच.