वेल्डरच्या परीक्षेचा कागद कुणाकडे?

मा. संपादक,
स. न.

दहावीचा निकाल लागला की 'आयटीआय करा' हा सल्ला सगळीकडून मिळतो. नसवाडी, छोटा उदेपूरकडची मुले तो ऐकतातही. पुढे बडोद्याजवळ मकरपुरा किंवा वाघोडियाच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ठेकेदाराकडे लागतात आणि वर्षानुवर्षे हातात ग्राइंडरच राहतो. यात मुलांच्या कुवतीचा दोष थोडा.

वेल्डरचा कोर्स एका वर्षाचा. दोन वर्षांच्या फिटरला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाण्याची सोय आहे, वेल्डरला तीही नाही. पुस्तकात टिग (आर्गॉन वायूच्या आवरणात करायचे बारीक वेल्डिंग) आहे, पाइपचे जोड आहेत. पण बऱ्याच ठिकाणी सराव होतो तो सपाट पट्टीवर, ६०१३ क्रमांकाच्या वेल्डिंग रॉडने. तो स्वस्त आणि चालवायला सोपा. प्रेशर व्हेसलच्या (दाबाखालच्या टाक्यांच्या) कारखान्यात मात्र सिक्स-जी परीक्षा: पाइप ४५ अंशांत तिरका बांधलेला, तो फिरवायचा नाही, वेल्डरनेच भोवती फिरायचे. रूट, म्हणजे जोडाचा तळाचा पहिला थर, टिगने; वरचे थर ७०१८ क्रमांकाच्या रॉडने. हा रॉड ओल धरतो. ओव्हनमध्ये तापवून न घेता वापरला तर जोडात छिद्रे राहतात, तडाही जातो. रूटची फट २-३ मिमीची. टॅक, म्हणजे ती फट धरून ठेवणारे छोटे टाके, कमजोर असले तर ती आवळते, धातू आतपर्यंत उतरत नाही आणि एक्स-रेत नापास. हात बसायला पाइपमागून पाइप लागतात आणि तो खर्च कुणालाच नको असतो.

एवढे करून पास झाला, तरी एएसएमई सेक्शन नऊ या वेल्डिंग-पात्रतेच्या अमेरिकी नियमावलीप्रमाणे ती पात्रता त्या कारखान्याच्या दप्तरी. दुसरीकडे गेला की बहुधा पुन्हा परीक्षा. सहा महिने त्या पद्धतीचे वेल्डिंग हाती आले नाही तर पात्रता संपते. ठेका संपून शेतीच्या कामाला गावी गेलेला मुलगा परत येतो तो हेल्पर म्हणूनच.

परीक्षेच्या कागदाची प्रत त्या मुलाला देणे कारखान्याला जड नाही. तेवढ्याने नवी नोकरी पक्की होणार नाही, पण परीक्षेला उभे तरी करतील. शिवाय ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला अ‍ॅप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे, आणि या मोजणीत ठेक्यावरचे कामगारही येतात. हे ठेकेदारांना कुणीतरी विचारावे. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढले त्या शहरात, आयटीआयची वेल्डिंग शेड संध्याकाळी माजी विद्यार्थ्यांसाठी उघडी ठेवणे अवघड नसावे. पाइप कारखान्यांनी द्यावेत. भंगारात जाणारा वीतभर तुकडाही सरावाला पुरतो.

— फॅब्रिकेशन व्यवसायातील काही वाचक,
मांजलपूर, बडोदे