आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: दहा सेकंदांत न सापडलेली फडफड

माननीय आरोग्यमंत्री,
गोवा राज्य, पणजी.

सादर नमस्कार.

आमची आई सत्तरी तालुक्यातली. वर्षभर ती एकच सांगत होती, "काळजात कोंबडी फडफडते रे." ईसीजी तीनदा काढला आणि तिन्ही वेळा नॉर्मल आला. एका डॉक्टरांनी गॅसवर खापर फोडलं, दुसऱ्यांनी टेन्शनवर. त्यांना दोष देत नाही. ईसीजीची पट्टी असते जेमतेम 10 सेकंदांची आणि दिवसाचे सेकंद 86,400. फडफड काय आरोग्य केंद्राची वेळ बघून येते?

शेवटी बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, होल्टर लागला, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं यंत्र. छातीला चकत्या, कमरेला डबी, चोवीस तास आंघोळ बंद. बस बदलत परत जाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा येण्यापेक्षा ती सांताक्रुझला मावशीकडे राहिली. काही झालं की वहीत लिही, असं तिला सांगितलं होतं. वहीत एकच ओळ: "दुपारी 3.10, सोलं निवडताना फडफड." यंत्रात मात्र फडफडीचे चार झटके निघाले, त्यातले दोन ती गाढ झोपेत असताना.

निदान झालं एट्रियल फिब्रिलेशनचं. हृदयाचा ठोका उजव्या वरच्या कप्प्यातल्या सायनस नोडमधून, म्हणजे पेशींच्या एका पुंजक्यातून, विजेच्या लहरीसारखा निघतो. या आजारात वरच्या कप्प्यांत भलतीकडूनच लहरी उसळतात, मिनिटाला साडेतीनशेच्याही वर. कप्पे धड आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. खाली जाणाऱ्या वाटेवरचा नोड त्यातल्या काहीच लहरी पुढे सोडतो, त्याही वेड्यावाकड्या. म्हणून नाडी बेताल लागते. पण खरी भीती वेगळीच. डाव्या वरच्या कप्प्याच्या खिशासारख्या कोपऱ्यात रक्त साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका साधारण पाचपट वाढतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी तो बराच खाली येतो, पण आजार सापडला तरच ना!

छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी आरोग्य केंद्रातून बांबोळीला पाठवायची सोय तुमच्या खात्याने केलीच आहे. त्याच वाटेने होल्टरची नोंदही जाऊ द्या. वाळपई, काणकोण, पेडणे, सांगे इथे दोन-दोन डब्या ठेवा. चकत्या लावायला आणि काढायला आमच्या सिस्टर पुरेशा आहेत. वाचायचं काम तिकडच्या तज्ज्ञांनी करावं. गोळ्या सुरू झाल्यापासून आई ठीक आहे, फक्त भाजी चिरताना सुरीला घाबरते, रक्त लवकर थांबत नाही म्हणून.

तिची ती वही माझ्याकडे आहे. फाइलला जोडायची असेल तर झेरॉक्स पाठवतो.

आपला,
सत्तरीतील एक नागरिक