गोंधळ एका तासात उरकू नका

ती. आईबाबा, सा. न.

बाबा, परवा तुम्ही विचारलं की दर रविवारी फोन का लागत नाही, आणि मागून आईचा आवाज आला की कोणी पोरगी बघून ठेवली असंल. तसलं काही नाही. रविवारी सकाळी मी शहरात गाणारेवाजवणारे शोधत फिरायलो आणि त्यांचे व्हिडिओ काढायलो, मध्येच कॉल आला की रेकॉर्डिंग तुटतं म्हणून फोन फ्लाईट मोडवर असतो. सगळं लिहूनच सांगतो, कारण शेवटी तुमच्याकडं एक मागणं आहे आणि फोनवर तुम्ही मला बोलू देत नाहीत.

इथं संभाजीनगरात जाफर गेटला रविवारी बाजार भरतो. तिथं एकदा भाजी घेताना मागून ते गुर्रर्र गुर्रर्र ऐकू आलं, आई तुला माहितीये, कडकलक्ष्मीवाल्या बाईच्या ढोलक्यावर काडी घासली की येतो तो आवाज. डोक्यावर मरीआईचा देव्हारा, बाजूला नवरा, केस मोकळे सोडलेला, कमरेला खणाचे रंगीत तुकडे आणि हातात कोरडा. लोक भेंडी निवडताना वर पण बघत नव्हते. मी विचारून थोडं रेकॉर्ड केलं, बाईचं ढोलकं आणि तिचं गाणं तेवढं. त्यानं अंगावर आसूड ओढायला सुरुवात केली की मी फोन खाली करतो, ते मला दाखवायचं नाही, त्याच्यावरच जास्त व्ह्यूज येतात हे माहीत असूनही. सोबत लेकरं असली तर त्यांचे चेहरे पण नाही.

मग नादच लागला. गुलमंडीत सकाळी दुकानं उघडायच्या आधी कधी वासुदेव दिसतो, मोरपिसाची टोपी, चिपळ्या. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत तर काय सांगू, आराधी बाया परडी घेऊन बसलेल्या, गळ्यात कवड्यांची माळ, एकीनं उचललं की बाकीच्या झेलायला तयार. खुलदाबादला दर्ग्यात कव्वाली ऐकायला पण जाऊन आलो, तिथं मात्र फोन खिशातच ठेवला, नुसतं ऐकलं. आणि वरातीतले बँजोवाले! बाबा, तुम्हाला ते आवडत नाहीत, पण त्या टायपरायटरसारख्या बटणांवर तो पोरगा असा हात फिरवतो की बघत राहावं. त्याच्या व्हिडिओत पिक्चरची गाणी असतात म्हणून यूट्यूबवर लगेच कंपनीचा क्लेम येतो, पैसे मिळाले तर त्यांना, वाजवणाऱ्याला काही नाही. तरी त्यानं खाली नंबर टाकायला सांगितलं आणि त्याच्यावरून त्याला दोन वराती मिळाल्या, सुपारीचे पैसे घेतल्यावर मला चहा पाजला.

हे लोक आपल्या दारावर यायचे तेव्हा आई सुपात जवारी घेऊन बाहेर यायची, घरात काही नसलं तरी मूठभर तरी द्यायचीच. इथं सोसायटीच्या गेटवरच वॉचमन अडवतो, तिसऱ्या मजल्यावर कोण गातंय ते कुणाला ऐकू जाणार. म्हणून ते आता बाजारात, बसस्टँडला, यात्रेत, जिथं माणसं सापडतील तिथं. आणि बघा, नाथांनी १६व्या शतकात पैठणात बसून भारुडं रचली त्यात वासुदेव आहे, जोशी आहे, गोंधळी आहे, पोतराज पण आहे. ज्यांना आपण दोन रुपये देऊन पुढं जा म्हणतो, त्यांच्या तोंडून नाथ वेदांत सांगायले. (बाबा, तुमच्यासमोर मी नाथांवर बोलणं जरा अतीच होतंय, पण असू द्या.)

आता मुद्द्याचं. सगळ्यात जास्त वेळ मी गोंधळ्यांजवळ बसलो. रेकॉर्ड करायला सगळ्यात अवघड तेच. संबळ म्हणजे दोन नगारे, एक मोठा एक लहान, दोन्ही कमरेला बांधलेले, आणि काड्यांतली एक टोकाला वळलेली. ती जोरात पडली की फोन आपोआप आवाज दाबतो आणि मग नायकाचं गाणंच गायब, तुणतुणं तर फोनला नको असलेला आवाज वाटतो, पुसूनच टाकतो. म्हणून आता आवाजाची लेव्हल हातानं लॉक करता येते असलं ॲप घेतलंय आणि छोटा माईक तुणतुणेवाल्याच्या बाजूला ठेवतो, संबळापासून लांब. तेव्हा कुठं ती तार ऐकू यायली.

त्यांची करपल्लवी बघितलीय का तुम्ही? बघणाऱ्यानं एका गोंधळ्याच्या कानात आपलं नाव सांगायचं, तो लांब उभ्या असलेल्या साथीदाराला नुसत्या बोटांच्या खुणा करणार, आणि तो मोठ्यानं नाव सांगणार. मी माझ्या आज्जीचं नाव सांगितलं, इथं ते कुणालाच माहीत असायचं कारण नाही. बरोबर सांगितलं. घरी येऊन व्हिडिओ एकदम स्लो करून बघितला, बोटं दिसतात, नाव काही कळत नाही. विचारलं तर हसले, म्हणाले हे पोरांना शिकवतो, मोबाईलला नाही.

त्यातलेच एक म्हातारे गोंधळी म्हणाले की हल्ली लग्नघरी बोलावतात, पण चौक मांडून होईस्तोवरच यजमान घड्याळ बघायला लागतो. गण झाला, देवदेवतांना बोलावणं झालं की आरती करा म्हणतात. आख्यान, म्हणजे मुख्य गोष्ट, ती नाहीच. साथीदारानं मध्येमध्ये आडवेतिडवे प्रश्न विचारायचे आणि लोक हसून लोटपोट व्हायचे, तो सगळा भाग कुणी ऐकतच नाही, मग पोरांनी तो पाठ कशाला करायचा? मी मान डोलावली आणि आतून घाबरलो, कारण आदल्याच दिवशी तुम्ही फोनवर सांगितलं होतं की धाकट्याच्या लग्नात गोंधळ एका तासात उरकू, पाव्हणे थांबत नाहीत, मग डीजे.

बाबा, डीजे तसाही रात्री १० ला बंद करावा लागतो, कायदाच आहे. आणि आपला गोंधळ घरात, माळवदाखाली, स्पीकरशिवाय होतो, संबळाला स्पीकर लागतो कुठं. पाव्हण्यांना जायचं तर जाऊ द्या. राहणारे राहतील, आत्या राहतील, मामा तर हलणारच नाहीत. डीजेला जेवढे ठरवलेत तेवढे पण रात्रभरच्या गोंधळाला लागणार नाहीत, आणि लागलेच तर वरचे मी देतो, त्याच्यावरून वाद नको. धाकट्याला मी समजावतो, त्याला वरातीत नाचायला तो बँजोवाला पाठवतो की.

फक्त आपल्या घरच्या गोंधळ्यांना आताच सांगून ठेवा, लग्नसराईत ते सापडत नाहीत. आख्यानासकट रात्रभरचं सांगा, त्याप्रमाणेच बिदागी ठरवा, आणि मी रेकॉर्ड करणार आहे ते चालेल का हे पण विचारा, नको म्हणाले तर नाही करणार. आई, तू पहिल्या रांगेत बसून मध्येच चहाचं बघायला उठू नकोस, ते काम मी दुसऱ्या कुणाला तरी लावतो.

चौकावर उभे करायला पाच ऊस लागतात ना, ते मी इथून गाडीत टाकून आणतो. हळदीची तारीख पक्की झाली की कळवा, सुट्टीचा अर्ज टाकायचाय. बाबा, बीपीची गोळी.

तुमचा,
थोरला