औषधांच्या रिकाम्या बाटल्या व घातक कचरा गोळा करण्यासाठी शेड : ग्रामस्थांना मदतीचे आवाहन

सर्व ग्रामस्थ, द्राक्ष व ऊस बागायतदार, बचत गटांतील भगिनी आणि नोकरीनिमित्त बाहेरगावी असलेले गावकरी यांस सप्रेम नमस्कार.

शाळेमागचा ओढा साफ करताना श्रमदानास आलेल्या मंडळींच्या हाती सर्वांत जास्त काय लागले असेल, तर फवारणीच्या औषधांच्या बाटल्या. त्यांतल्या एकीचे लेबल अर्धे निघाले होते, तरी लाल त्रिकोण स्पष्ट दिसत होता आणि तळाशी चमचाभर पांढरट, घट्ट झालेले औषध शिल्लक होते. लाल त्रिकोण म्हणजे अतिविषारी, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. याच ओढ्यावर आपली जनावरे पाण्याला येतात आणि पुढे तो कृष्णेला मिळतो. खाली सांगली शहर त्याच नदीचे पाणी पिते.

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी पेस्ट लावण्यापासून डाऊनी-भुरी या बुरशीजन्य रोगांवरील फवारण्यांपर्यंत बागेत एकामागून एक औषधे येतात आणि रिकाम्या बाटल्या बांधाला किंवा विहिरीच्या कडेला पडून राहतात. काही जण त्या पाचटाबरोबर पेटवतात, पण त्यांचा धूरही विषारीच असतो. काही घरांत अशा बाटल्या धुऊन त्यांत रॉकेल, क्वचित गोडेतेलही ठेवले जाते. या सवयीची आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण बाटलीत आधी काय होते हे लहान मुलाला कळत नाही.

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरांत नदीकाठची शेड पाण्याखाली गेली, तेव्हा त्यांतील बाटल्या, जुन्या बॅटऱ्या आणि जळक्या ऑइलचे डबे पाण्याबरोबर कोणाच्या रानात गेले, हे आज कोणीही सांगू शकणार नाही. म्हणून 2019 च्या पुराची रेघ जेथवर आली होती त्याच्या वरच्या बाजूस, गावठाणातील जागेत, पक्क्या फरशीचे आणि कुलूपबंद शेड उभारण्याचे ग्रामपंचायतीने ठरविले आहे. औषधांच्या बाटल्यांबरोबरच रंगाचे डबे, ट्यूबलाइट, वापरलेल्या बॅटऱ्या, मुदत संपलेल्या गोळ्या, सुया व सिरिंज यांनाही 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. त्यामुळे या वस्तूही तेथे वेगवेगळ्या ड्रममध्ये घेतल्या जातील. टेम्पो भरेल इतका माल जमला, की तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या केंद्राकडे पाठविला जाईल. थोड्या मालासाठी वारंवार वाहन पाठविणे परवडणारे नाही, म्हणूनच गावात सुरक्षित साठवणीची गरज आहे.

यासाठी बागायतदारांनी एकरी 100 रुपये द्यावेत, अशी विनंती आहे. ज्यांना रोख देणे शक्य नाही त्यांनी सिमेंट, पत्रे, झाकणाचे ड्रम किंवा रबरी हातमोजे द्यावेत. गवंडी व सुतार बांधवांनी एक-दोन दिवसांचे काम दिले, तर तीही मोठी मदत होईल. ज्यांचा टेम्पो आहे त्यांनी वर्षातून एक फेरी डिझेलखर्चात करावी. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखविला जाईल.

पैशाइतकीच आम्हाला आपल्या हातांची साथ हवी आहे. बाटली रिकामी झाली, की तिच्यात पाव भाग पाणी घालून, बूच लावून, जोरात हलवावी आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे. असे तीनदा करून बाटलीच्या बुडाला भोक पाडावे, म्हणजे ती पुन्हा कोणाच्या घरात वापरली जाणार नाही. धुतलेले पाणी ओढ्यात किंवा पाटात ओतू नये. औषध लागेल तेवढेच आणावे. उरलेच, तर मुदत संपेपर्यंत कोपऱ्यात ठेवण्याऐवजी तीच फवारणी घेणाऱ्या शेजाऱ्यास मूळ बाटलीसह द्यावे.

ऑक्टोबर छाटणी सुरू होण्यापूर्वी शेड उभे राहावे, असा आमचा प्रयत्न आहे. तोपर्यंत आपल्याकडील बाटल्या पोत्यात बांधून, मुले व जनावरे यांच्यापासून दूर, उंच जागी ठेवाव्यात. देणगी ग्रामपंचायत कार्यालयात कामकाजाच्या वेळेत स्वीकारली जाईल.

आपले,
सरपंच, उपसरपंच व सर्व सदस्य
ग्रामपंचायत, ता. पलूस, जि. सांगली