उपाय नेमका कशावर?

परभणी
ता. १२ ऑगस्ट

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आणि तुझ्या वर्गातल्या पोरांचे 'समस्या आणि उपाय' या धर्तीचे दोन्ही इंग्रजी पेपर मिळाले. त्यांचं इंग्रजी तू म्हणतोस तितकं कच्चं नाही, घोळ इंग्रजीच्या अगोदरचा आहे. समस्येला अर्धं पान आणि उपायांना दीड: सरकारने लक्ष घालावं, जनजागृती व्हावी, शाळेत धडा असावा. अरे, हे उपाय हुंड्यालाही चालतात आणि प्लास्टिकलाही.

अशा पेपरचा सांगाडा तुला ठाऊकच आहे: परिस्थिती, समस्या, उपाय, मूल्यमापन. १२०० शब्दांचा पेपर असेल तर त्यांना अनुक्रमे १५०, ४००, ३०० आणि २५० शब्द दे, उरलेले १०० समारोपाला. परिस्थितीत ठिकाण, काळ आणि माणसं कळली की पुरे. 'सिन्स अँशंट टाइम्स'ने सुरू होणारं पहिलं वाक्य न वाचता खोडलं तरी चालेल.

खरं काम समस्येच्या ४०० शब्दांत. 'मराठवाड्यातील पाणीटंचाई' एवढ्या जागेत मावत नाही. कुठला तालुका, कुठले महिने, कोणाचं काय नुकसान, हे ठरवून घे. मग कारण. एका पोराने शेततळ्यांवर लिहिलंय ना, तोच पेपर बघ. भूजल खाली गेलं, कारण बोअरमधून उपसा जास्त, असं तो म्हणतो. उपाय काय, तर आणखी शेततळी. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ची, आणि शेततळ्याचा हेतू पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवण्याचा. पण प्लास्टिक अंथरलेलं तळं बोअरच्या पाण्याने भरलं, की जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी उन्हात उघडं पडतं आणि त्यातलं बरंचसं वाफ होऊन जातं. म्हणजे त्याने जे कारण सांगितलं, त्यालाच त्याचा उपाय खतपाणी घालतो. तळं कशाने भरायचं, यावर अट घातली असती तर उपाय टिकला असता. कारण आणि उपाय समोरासमोर दोन ओळींत लिहायला लावलं, की अशी फट लगेच दिसते.

मूल्यमापन म्हणजे आपल्याच उपायाची आरती नव्हे. लातूरचं उदाहरण वर्गात घे. २०१६च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडं पडलं होतं, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी (टाकीचे डबे), प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. उपाय यशस्वी झाला का? त्या उन्हाळ्यात शहराची तहान भागवणं हा निकष असेल तर उपयोग झाला. धरण पुन्हा आटू नये हा असेल, तर त्या गाडीचा त्याच्याशी संबंधच नाही. म्हणून निकष आधी लिहायचे: खर्च, वेळ, अंमलबजावणी कोण करणार, आणि नवं नुकसान काय. शिवाय एक पर्यायी उपाय घेऊन तो का नाकारला, तेही. मूल्यमापन उलटं निघालं तर ती नवी समस्या धरून पुढे लिहिता येतं, पेपर फसला असं समजू नये.

इंग्रजीबद्दल थोडंच सांगतो. 'रिझल्ट्स इन' (यामुळे ते होतं) आणि 'रिझल्ट्स फ्रॉम' (हे त्यामुळे होतं) यांत पोरं हमखास घसरतात आणि कार्यकारण उलटं होतं. त्यांच्या वाक्यात पाणीपातळी खाली गेल्यामुळे सोयाबीन करपण्याऐवजी सोयाबीन करपल्यामुळे पातळी खाली जाते! 'धिस लीड्स टू' लिहिलं की 'धिस' म्हणजे काय ते विचार. 'धिस डिक्लाइन' असं नाम जोडायला लाव. 'विल सॉल्व्ह'च्या जागी 'इज लाइकली टू रिड्यूस'. 'डिस्कस अबाउट' आणि 'इक्विपमेंट्स' यांसारख्या चुका शेवटी दुरुस्त झाल्या तरी बिघडत नाही.

आता पोरांनी एकमेकांचे पेपर तपासण्याचं. पहिल्या फेरीत लाल पेन बंद. स्पेलिंग दिसलं की पोरगं तिथेच अडकतं आणि मुद्दा वाचायचा राहून जातो. तपासणाऱ्याने आधी एकाच वाक्यात लिहायचं: समस्या ही, कारण हे, उपाय हा. ते वाक्य लेखकाच्या मनातल्याशी जुळलं नाही, तर दोष बहुधा पेपरचा. त्यानंतर तीनच शेरे, प्रत्येक शेऱ्याला परिच्छेदाचा क्रमांक. 'गुड वर्क' हा शेरा धरायचा नाही. 'परिच्छेद ४मध्ये ठिबकचा खर्च शेतकऱ्याने भरायचा की अनुदानातून, ते कळत नाही' असा हवा. भाषा दुसऱ्या फेरीत.

पेपर टाइप केलेले आणि बिननावाचे घे, हस्ताक्षरावरून कोण ते लगेच कळतं. एका बाकावरच्या दोघांची जोडी लावू नको, दोघंही एकमेकांना सांभाळून घेतात. लेखकाने प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्यायचं: बदल कुठे केला, किंवा का केला नाही. शेरा नाकारायची मुभा ठेवच, नाहीतर चांगला पेपरही दुसऱ्याच्या सांगण्यावरून बिघडतो. आणि २०पैकी ५ गुण तपासणीला ठेव. गुण नसतील तर कोणी दुसऱ्याचं पान उलटणार नाही, आपल्याकडची पोरं तुला माहीत आहेत.

शेततळ्याचा पेपर दुरुस्त होऊन आला की शेऱ्यांसकट पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव