जिन्याची शेवटची पायरी

दांडिया बाजार, बडोदा

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास की रेव्हिटमध्ये, आपल्या त्या इमारतींचं थ्रीडी मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, जिना दोन क्लिकमध्ये होतो, त्यात अजून काय डोकं घालायचं. मी साइटवर होतो म्हणून नीट बोलता आलं नाही, पण ते रात्रीपर्यंत डोक्यात घोळत राहिलं, म्हणून हे पत्र. लांबेल, चहा घेऊनच बस.

आमच्या वाड्यातला लाकडी दादर आठवतो ना? वरून दोर लोंबायचा, तो धरून आपण धडाधडा माडीवर पळायचो. वाडा उतरवायच्या आधी मी तो टेपने मोजून काढला. पायरीची उंची 230 मिमी आणि पाय ठेवायला जेमतेम 200. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे राहत्या घरात रायझर, म्हणजे पायरीची उंची, जास्तीत जास्त 190 आणि ट्रेड, म्हणजे पाय ठेवायची रुंदी, कमीत कमी 250 हवा, म्हणजे आपला दादर साफ नापास. तरी आजी शेवटपर्यंत त्यावरून चढली-उतरली, अंधारातसुद्धा, कारण सगळ्या पायऱ्या सारख्या, एकेक मोजली मी, 2-3 मिमीच्या वर फरक नाही. त्या सुताराने काय जपून काम केलं असेल रे.

आणि माझ्या हातून काय झालं ते ऐक. दोन वर्षांपूर्वी एक बंगला केला, एका मजल्याच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत 3150 मिमी, 175 चे 18 रायझर, ट्रेड 275, दोन रायझर अधिक एक ट्रेड म्हणजे 625, सगळं चढायला सोयीच्या हिशोबात. मॉडेल सुंदर दिसत होतं. त्यावरून ड्रॉइंग काढलं, काँक्रीटच्या सगळ्या पायऱ्या 175 च्या लिहून दिल्या आणि कडियाने, म्हणजे गवंड्याने, तशाच भरल्या. पुढे पायऱ्यांवर मसाल्यासकट 45 मिमीचा कोटा दगड बसला आणि खोल्यांमध्ये 60 मिमीचं फ्लोअरिंग. झालं काय, खाली फरशी 60 ने वर आली आणि पायरी 45 नेच, म्हणून पहिली पायरी 160 ची राहिली, आणि वर उलटं होऊन शेवटची 190 ची. मधल्या सगळ्या 175. वास्तुशांतीच्या दिवशी त्या घरातल्या आजी हातात ताट घेऊन वर येत होत्या, शेवटच्या पायरीला पाय अडला आणि गुडघ्यावर पडल्या. फार लागलं नाही, पण तो ताटाचा आवाज मला अजून ऐकू येतो. सतरा पायऱ्या पायाने एक अंदाज बांधलेला असतो आणि अठरावीला तो चुकतो.

तेव्हापासून मी जिना जसा बांधला जाणार तसाच मॉडेल करतो. लेव्हल नेहमी फिनिश फ्लोअरच्या, म्हणजे फरशी बसल्यावरच्या, स्लॅब त्याच्या 60 खाली. जिना मोनोलिथिक (एकसंध काँक्रीटचा), रन (पायऱ्यांची सलग ओळ) टाइपमध्ये ट्रेड थिकनेस 45 घालायची, आणि 'एक्स्टेंड बिलो रायझर बेस' मध्ये उणे 60, म्हणजे काँक्रीट खालच्या स्लॅबपर्यंत पोचतं, नाहीतर सेक्शनमध्ये (उभ्या छेदात) जिना हवेत तरंगतो. मग सेक्शन काढून कच्च्या काँक्रीटला डायमेन्शन दे, पहिला रायझर 190 येईल, शेवटचा 160, मधले 175. कडियाला हेच आकडे द्यायचे. परवाच्या साइटवर कडियाकाकांनी ड्रॉइंग बघून आधी विचारलं, कोटा किती जाडीचा, आणि मग भिंतीवर दोन रेषा मारल्या, एक काँक्रीटची, एक फरशीची. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

दुसरं, डॉग-लेगचं, म्हणजे अर्ध्यावर उलट वळणाऱ्या जिन्याचं, लँडिंग (वळणाचा सपाट भाग). वर जाणाऱ्या आणि खालून येणाऱ्या फ्लाइटचे (पायऱ्यांच्या ओळीचे) रायझर प्लॅनमध्ये एका रेषेत ठेवलेस तर हँडरेल वळणावर एका रायझरने उडी मारते आणि खालून बघितलं की दोन सॉफिट (फ्लाइटच्या खालच्या बाजू) एका रेषेत मिळत नाहीत. वरची फ्लाइट एक ट्रेड पुढून सुरू कर, दोन्ही आपोआप जुळतात. त्यासाठी 275 मिमी जागा जास्त लागते, ती प्लॅन ठरतानाच मागून घे, नंतर कोणी देत नाही. हे थ्रीडीमध्ये खालून कॅमेरा लावून बघ, प्लॅनमध्ये कळतच नाही.

रेलिंगला मात्र मीही वैतागतो. 'बॅलस्टर पर ट्रेड' ऑन करून प्रत्येक पायरीला दोन-दोन बॅलस्टर (कठड्याचे उभे गज) ठेव आणि वळणाचा भाग हाताने नीट कर, तिथे टूलवर विसंबू नकोस.

तुझ्या त्या दुमजली घराची फाइल पाठव, आणि टाइल अजून ठरली नसेल तर आधी ती ठरवून घे, जाडी कळल्याशिवाय जिन्याचं ड्रॉइंग साइटवर देऊच नकोस. डिसेंबरमध्ये ये, चांपानेरला जाऊ. तिथली गोल वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, तू पाहिली नाहीस अजून, 16व्या शतकातली, साधारण 1.2 मीटर रुंदीचा जिना विहिरीच्या भिंतीला धरून गोल गोल खाली उतरतो. मला ती पायरी-पायरी मोजून मॉडेल करायचीय, टेप धरायला तू हवास.

काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझाच